गरोदरपणात नोकरी गेली तरी बाळंतपणाचा पगार कसा मिळवायचा

कंपनीत कपात सुरू झाली, यादीत आपलं नाव आलं आणि पाचवा महिना चालू आहे, अशा वेळी पहिला सल्ला हमखास चुकीचा मिळतो: "नोकरीच गेली, आता कसला बाळंतपणाचा पगार?" गेली कित्येक वर्षं छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतल्या आणि जालन्याच्या बायकांचे अर्ज लिहून देतेय आणि हे वाक्य ऐकून माझा संयम संपलाय. नोकरी आणि प्रसूती लाभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गेली म्हणून दुसरी जात नाही. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याचं कलम 12 हेच सांगत होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेचं कलम 68 सुद्धा तेच सांगतं. गरोदरपणात कधीही कामावरून काढलं, तरी एरवी मिळाला असता तो लाभ द्यावाच लागतो. अपवाद एकच, गंभीर गैरवर्तनासाठी काढलं असेल तर, आणि तोही लेखी आदेश देऊन.

आधी दिवस मोजा

डॉक्टरने दिलेल्या बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेच्या मागचे 12 महिने घ्या. त्यात त्या मालकाकडे 80 दिवस भरले की तुम्ही पात्र. ले-ऑफचे (काम नाही म्हणून कंपनीने बसवून ठेवलेले) दिवस आणि पगारी सुट्ट्या धरूनच मोजायचे. समजा तारीख 10 मार्चची आहे आणि 20 ऑक्टोबरला काढलं, तर आदल्या वर्षीच्या 10 मार्चपासून 20 ऑक्टोबरपर्यंतची हजेरी मोजा. बहुतेकींचे 80 दिवस कधीच पार झालेले असतात. "वर्ष भरलं पाहिजे", "कायम असलं पाहिजे" हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. रोजंदारीवरच्या बायकांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात मान्य केला. कंत्राटाची मुदत संपली तरी पूर्ण लाभ द्यावा लागतो, हे ऑगस्ट 2023 मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात सांगितलं. कंत्राटदारामार्फत असाल तर अर्जावर कंत्राटदार आणि कंपनी, दोघांचीही नावं घाला.

गरोदर असल्याचं लेखी कळवा

कपातीची कुजबूज कानावर आली की त्याच आठवड्यात कळवा. चार ओळींचा अर्ज, सोबत डॉक्टरचं प्रमाणपत्र, एका प्रतीवर आवकचा शिक्का. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि ईमेलही टाका. पोट दिसायला लागलंय, सगळ्यांना माहीत आहे, सुपरवायझरने पेढे खाल्लेत, यातलं काहीही पुढे कामाला येत नाही. कागद लागतो.

पगाराच्या स्लिपा, हजेरीचे फोटो आणि ओळखपत्राची प्रत घरी असू द्या. आत घेणं बंद झालं की यातलं काही हाती लागत नाही.

त्या खोलीत सही करू नका

सगळं इथेच जिंकलं किंवा हरलं जातं, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

2012 साली मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. सहावा महिना होता. दुपारच्या जेवणानंतर आम्हा तिघींना एकेक करून आत बोलावलं. साहेब अगदी मायेने बोलले. "ताई, तुमच्याच भल्याचं सांगतो. काढलं असं कागदावर आलं तर पुढे कुठं नोकरी मिळणार नाही. राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देतो, बाळ मोठं झालं की परत या." कागद टाइप करून तयारच होता. 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलेलं. मी सही केली. तेव्हा कायद्याने 12 आठवड्यांचा पगार मिळायचा, तो माझा बुडाला, कारण कागदावर मला कुणी काढलंच नव्हतं, मी आपणहून गेले होते. परत कुणी बोलावलं नाही.

कलम 68 चं सगळं संरक्षण 'कामावरून काढलं' या शब्दांना आहे. राजीनाम्यावर सही झाली की तो शब्दच कागदावरून निघून जातो. म्हणून तर राजीनाम्यासाठी एवढा आग्रह असतो. तुमच्या पुढच्या नोकरीची काळजी म्हणून कुणी राजीनामा मागत नाही, हे पक्कं समजा.

तिथे बोलायचं वाक्य घरून पाठ करून जा: "मी राजीनामा देत नाही. मला काढायचं असेल तर लेखी पत्र द्या." एवढंच. वाद घालू नका, रडू आलं तर येऊ द्या, पण हेच वाक्य पुन्हा म्हणा. "उद्या घरी विचारून सांगते" असं म्हणून उठायलाही हरकत नाही, कुणी अडवून ठेवू शकत नाही. बाहेर आल्याबरोबर कोण काय म्हणालं, किती वाजता, सोबत कोण होतं, ते तारखेसह लिहून काढा आणि त्याच संध्याकाळी एचआरला ईमेल करा: आज मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी दिलेला नाही, मी कामावर यायला तयार आहे.

आता राजीनामे संगणकावर असतात, म्हणून आणखी एक सांगते. कुणी तुमच्या नावाने पोर्टल उघडून मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला तर देऊ नका. तो ओटीपी म्हणजेच सही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर सही मागतात, तीही नाही.

दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं तर परत फिरून घरी बसू नका. ड्युटीच्या वेळेला गेटसमोर उभं राहून फोटो काढा आणि 'मी हजर आहे, आत सोडलं नाही' असा मेसेज साहेबांना पाठवा. नाहीतर आठ दिवसांनी पत्र येतं की बाईंनी स्वतःहून कामावर येणं बंद केलं. असं पत्र मी इतक्यांदा पाहिलंय की त्यातले शब्द मला पाठ आहेत.

दबाव घरूनही येतो, हेही बोललं पाहिजे. नवरा त्याच एमआयडीसीत असतो, त्याच्या साहेबाचा फोन येतो. सासू म्हणते, "कशाला वाद माय, दोन जिवाची आहेस, बस घरी." त्यांना रकमेचा आकडा सांगा. खाली हिशेब दिलाय. आकडा ऐकल्यावर घरातलं बोलणं बदलतं, हा माझा अनुभव आहे.

सही आधीच होऊन गेली असेल तर आजच पत्र टाका: माझ्यावर दबाव आणून सही घेतली, मी राजीनामा मागे घेते. राजीनामा अमलात यायच्या आत मागे घेता येतो, म्हणून इथे दिवस महत्त्वाचे. हिशेबाचा कागद पुढे केला आणि त्यात 'यापुढे माझं काहीही येणं नाही' असं वाक्य असेल, तर ते खोडून, 'प्रसूती लाभ बाकी, हरकत ठेवून स्वीकारले' असं लिहून मगच सही करा. खोडू देत नसतील तर सही नको.

रक्कम काढा

आता कायद्याने 26 आठवड्यांचा पगार मिळतो, म्हणजे 182 दिवस. त्यातले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येतात. आधीची दोन मुलं हयात असतील तर एकूण 12 आठवडे. रजेआधीच्या तीन महिन्यांच्या पगारावरून एका दिवसाचा सरासरी पगार, म्हणजे रोज, काढायचा आणि दिवसांनी गुणायचं. रोज 900 पडत असेल तर 1,63,800 रुपये. रविवार वजा करून दिले तर घेऊ नका, रविवारही धरायचे हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 सालीच ठरवलंय. कंपनीने तपासण्यांची मोफत सोय केली नसेल तर 3,500 रुपये वैद्यकीय बोनस वेगळा. कपातीची भरपाईही वेगळी: वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार आणि एक महिन्याची नोटीस. "भरपाईतच सगळं आलं" असं म्हणतील. येत नाही.

बाळंतपणाआधीचा भाग आगाऊ द्यायचा असतो, उरलेला बाळ झाल्याचा पुरावा दिल्यावर 48 तासांत.

पगार महिना 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर पैसे ईएसआयच्या शाखेतून मिळतात, मालकाकडे मागायचे नाहीत. आधीच्या दोन लागोपाठ अंशदान कालावधींत (ईएसआयची वर्गणी मोजायचे सहा-सहा महिने) मिळून 70 दिवस भरलेले हवेत. त्यानंतर नोकरी गेली तरी त्या लाभ कालावधीतला (त्या वर्गणीवर लाभ मिळतो ते सहा महिने) हक्क राहतो. ईएसआयचं कार्ड परत करू नका.

साठ दिवस आणि माहेरचा पत्ता

काढल्याचा किंवा लाभ नाकारल्याचा आदेश हातात पडल्यापासून 60 दिवसांत अपील करायचं असतं. पैसेच दिले नाहीत तर निरीक्षकाकडे तक्रार. कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात विचारा, दुकान किंवा ऑफिस असेल तर कामगार आयुक्तालयात. दोन्हीकडे तक्रारीच्या प्रतीवर शिक्का घ्या.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पोरगी सातव्यात अंबाजोगाईला नाहीतर जिंतूरला जाते आणि कंपनीचं पत्र वाळूजजवळच्या रांजणगावच्या भाड्याच्या खोलीवर येऊन पडतं. शेजारीण घेते, ते फ्रिजवर राहतं. बाळ चाळीस दिवसांचं झाल्यावर ते उघडतात तेव्हा मुदतीचे थोडेच दिवस उरलेले असतात, आणि पत्र कधी मिळालं यावर कंपनी वाद घालते. निघण्याआधी माहेरचा पत्ता कंपनीला लेखी कळवा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात. फोन 15100. जाताना अर्जाची शिक्का असलेली प्रत, पगाराच्या स्लिपा आणि तारीख लिहिलेलं डॉक्टरचं कार्ड न्या. ओल्या बाळंतिणीला जाता येत नसेल तर भावाला पाठवा, अर्जावर सही मात्र तुमची लागते.