एपॉक्सीनं जोडलं अन् उन्हात तसंच सोडलं? या चुका टाळा

उन्हाळा लागला की आपल्याकडं हेच, कुठं कूलरची पत्र्याची टाकी गळते, कुठं मोटारीच्या लोखंडी पाइपाचा जॉइंट पाझरते, मग एम-सील नाहीतर दोन डबे मिसळून लावायचं एपॉक्सी आणायचं, चोपडायचं अन् मोकळं व्हायचं. जोड बसते पक्का, पण भाऊ, त्याच्यावर रंग मारायचं राहूनच जाते.

एपॉक्सी पाण्याला दाद देत नाही, पण उन्हातल्या यूव्ही (अतिनील) किरणांपुढं टिकत नाही. आधी पिवळं पडते, मग चमक जाते, मग बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी हाताला लागते अन् बारीक चिरा पडतात. भुकटी दिसली म्हणून सगळा जोड खरवडू नका, बहुतेक वेळा ते वरवरचंच असते. चांगला घट्ट थर लागेपर्यंत पॉलिश पेपरनं घासा, चीर खोल गेली असंल तरच नवीन भरा.

सगळ्यात जास्त लोकं वार्निशमध्ये फसतात. साधं पारदर्शक वार्निश मारलं तर ऊन त्यातून आरपार जाते, खालचं एपॉक्सी खराब होतच राह्यते अन् वरचा थर पापुद्र्यानं सुटते. पारदर्शकच पाहिजे असंल तर यूव्ही रोखणारं, बाहेरच्या कामाचं पीयू (पॉलियुरेथेन) वार्निश घ्या, अन् तेही मधून मधून पुन्हा मारावंच लागते. त्यापेक्षा ज्यातून ऊन जातच नाही असा रंग द्या, तोही पांढरा किंवा फिका. नागपूर-चंद्रपूरकडं पारा 45 च्या वर जाते, काळा रंगवलेला पत्रा तर त्याहून कितीतरी जास्त तापते, अन् घरगुती वापराचं बरंचसं एपॉक्सी 50-60 डिग्रीलाच मऊ पडायला लागते.

रंग चिकटतच नाही म्हणता? वाळलेल्या एपॉक्सीवर कधीकधी मेणचट थर येते, दमट हवेत जास्तच. त्याला थिनरनं पुसू नका, तो नुसता पसरते. साधं पाणी अन् हिरवी घासणी घेऊन धुवा, सुकू द्या, मग 120 नंबरचा पेपर मारा, तोंडाला मास्क लावूनच. ऑइल पेंट मारणार असाल तर आधी कोपऱ्यात थोडा लावून पाहा, एपॉक्सीवर तो कधीकधी नीट वाळतच नाही, चिकचिकीत राह्यते.

लवकर वाळावं म्हणून हार्डनर (एपॉक्सी कडक करणारा दुसरा डबा) जास्त टाकणं बंद करा, जोड कच्चा राह्यते, रंगानं तो सुधरत नाही.

अन् गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी असंल तर एपॉक्सीच्या नादी लागू नका, त्या प्लास्टिकला ते धड धरतच नाही, ती प्लास्टिक वेल्डिंगवाल्याकडूनच करून घ्या.