नादारीचा (कोर्टाकडून दिवाळखोर ठरवून घेण्याचा) अर्ज करण्याआधी
कर्ज फिटेनासं झालं की कुणीतरी सांगतंच, ‘२०१६चा दिवाळखोरी कायदा आहे ना!’ पण व्यक्तींपैकी तो सध्या फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू आहे. पगारदारासाठी अजून इंग्रजांच्या काळातलेच कायदे: मुंबई शहरात १९०९चा, अर्ज उच्च न्यायालयात, उर्वरित महाराष्ट्रात १९२०चा, अर्ज जिल्हा न्यायालयात. तुमची मालमत्ता कोर्टाने ती सांभाळायला नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते (मुंबईत हेच काम करणाऱ्या ऑफिशियल असाइनीकडे). शेवटी कर्जातून मुक्तता मिळाली तरी सरकारी देणी, फसवणुकीने घेतलेलं कर्ज आणि पोटगी मानगुटीवर राहतेच. म्हणून आधी बँकेकडे मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. एकरकमी तडजोड (कमी रकमेवर एकदाच पैसे भरून कर्ज मिटवणं) ठरली, तर पैसे भरण्याआधी बँकेचं पत्र हातात घ्या. फोनवरच्या शब्दाला काडीची किंमत नाही. आणि हो, सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो.