साम्राज्यांचे क्षेत्रफळ आणि लोकसंख्या यांची तुलना कशी करावी

आकडे शोधायला बसण्याआधी तीन गोष्टी ठरवून लिहून ठेवा: कोणते वर्ष घ्यायचे, कोणता प्रदेश साम्राज्यात धरायचा आणि माणसांचा आकडा कोणत्या प्रकारच्या नोंदीतून घ्यायचा. हे न ठरवता केलेल्या यादीत वेगवेगळ्या नियमांनी काढलेले आकडे शेजारी येऊन बसतात आणि मग बेरीज-भागाकार कितीही अचूक असला तरी निष्कर्ष चुकतोच.

वर्षाची चूक सर्वांत जास्त होते. रोमचे क्षेत्रफळ म्हणून बहुतेक ठिकाणी सुमारे ५० लाख चौरस किलोमीटर दिलेले असते. हा आकडा इ.स. ११७ चा, म्हणजे सम्राट ट्रेजनच्या मृत्यूच्या वेळचा. लोकसंख्येचा सुमारे ५.४ कोटी हा प्रसिद्ध अंदाज मात्र इ.स. १४ चा, पहिला सम्राट ऑगस्टस याच्या अखेरच्या वर्षाचा. मधल्या शंभर वर्षांत ब्रिटन आणि डेसिया (आजचा रुमानिया) जिंकले गेले होते. हे दोन आकडे एकमेकांनी भागून काढलेली घनता कोणत्याच काळाची नसते. एका ओळीतले दोन्ही आकडे एकाच वर्षाचे असावेत. तसे मिळत नसतील तर प्रत्येकाशेजारी त्याचे वर्ष लिहावे.

मंगोलांच्या बाबतीत वर्ष आणि व्याख्या एकमेकांत गुंततात. त्यांचे कमाल क्षेत्रफळ सुमारे २.४ कोटी चौ. किमी धरतात, पण चीनमधले दक्षिण सोंग राज्य मंगोलांपुढे पडले १२७९ मध्ये, आणि मंगोल सम्राट मोंगके खानाच्या १२५९ मधील मृत्यूनंतर साम्राज्याचे चार तुकडे होऊ लागले होते. म्हणजे सर्वांत मोठा नकाशा एकछत्री सत्ता संपल्यानंतरचा आहे. एकच शासन मोजायचे असेल तर मोंगकेच्या काळचा, लहान नकाशा घ्या. घराण्याची एकत्रित सत्ता मोजायची असेल तर मोठा चालेल, फक्त तसे स्पष्ट लिहा.

हद्द ठरवताना प्रदेशाचे तीन थर करा: थेट कारभार, मांडलिक किंवा संरक्षित, आणि नुसता दावा. तिन्हींची बेरीज वेगवेगळी ठेवा. १८८२ ते १९१४ या काळात इजिप्त कायद्याने ऑटोमन होता आणि प्रत्यक्षात ब्रिटिशांच्या ताब्यात. थर न पाडता दोन्ही साम्राज्यांची यादी केली, तर सुमारे १० लाख चौ. किमी दोनदा मोजले जातात. संस्थानांचेही तसेच. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या २९.४ कोटी होती, त्यातले सुमारे ६.२ कोटी लोक संस्थानांत राहत होते. ते ब्रिटिश प्रजा धरायचे की नाही यावर तेव्हाच्या जपानच्या लोकसंख्येपेक्षा मोठा आकडा इकडचा तिकडे होतो. आणि स्पेन आणि पोर्तुगाल यांनी युरोपाबाहेरचे जग वाटून घेतलेल्या १४९४ च्या तोर्देसियास तहासारख्या कागदी वाटणीला थेट कारभारात कधीच जागा देऊ नका.

नकाशावरून क्षेत्रफळ काढायचे असेल तर क्यूजीआयएस (QGIS) हे नकाशांचे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. जुन्या नकाशाचे चित्र जिओरेफरन्स करा (म्हणजे खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवा), हद्दीभोवती पॉलिगॉन (बंद आकृती) आखा, प्रोजेक्टच्या गुणधर्मांत एलिप्सॉइड (पृथ्वीच्या आकाराचे गणिती रूप) म्हणून डब्ल्यूजीएस ८४ (WGS 84) निवडा, मग फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलरचे चिन्ह लावलेले एरिया फंक्शन ($area) वापरा. ते पृथ्वीची वक्रता धरून मोजते. चिन्ह नसलेले, कंसात भूमिती घेणारे एरिया फंक्शन सपाट कागदावर मोजते. अक्षांश-रेखांशांच्या थरावर ते चौरस अंशांत उत्तर देते, आणि ती संख्या निरुपयोगी असते. ध्रुवांकडचे प्रदेश ताणून दाखवणाऱ्या मर्केटर नकाशावरून डोळ्यांनी तुलना तर करूच नका. ६० अक्षांशावर, म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्या रेषेत, तिथे क्षेत्रफळ चौपट दिसते. रशियन साम्राज्य त्यामुळे नेहमीच फुगलेले वाटते. छापील नकाशा वापरायचा झाल्यास समक्षेत्र प्रक्षेपणाचा, म्हणजे क्षेत्रफळांचे प्रमाण खरे ठेवणारा घ्या.

एकके तपासा. ब्रिटिश साम्राज्याचे १.३७ कोटी चौरस मैल आणि ३.५५ कोटी चौरस किलोमीटर हे एकच क्षेत्रफळ आहे, गुणक २.५९.

लोकसंख्या हा खरा कठीण भाग. जुन्या नोंदी माणसे मोजण्यासाठी नसून कर आणि वेठ यांसाठी असत. चीनच्या हान साम्राज्याच्या इ.स. २ मधल्या नोंदीत ५,९५,९४,९७८ माणसे आहेत. इतका बारीक आकडा पाहून विश्वास बसतो, पण इ.स. ५७ च्या नोंदीत ती २.१ कोटींवर येतात. यादवी आणि पुरात माणसे मेली हे खरे, तरी घसरणीचा मोठा वाटा नोंदणीयंत्रणा कोलमडल्याचा होता. पुढच्या शतकात आकडा पुन्हा साडेपाच कोटींच्या वर गेला. चीनमध्येच पुढे मिंग घराण्याच्या काळात १३९३ चा सुमारे ६ कोटींचा आकडा पुढची दोनशे वर्षे जवळपास तसाच राहतो, तेही प्रत्यक्षात वस्ती वाढत असताना. म्हणून नोंदलेला आकडा आणि अभ्यासकांचा अंदाज यांचे रकाने वेगळे हवेत. शिवाय नोंदणी कुठवर पोचली होती ते पाहा: इ.स. २ च्या गणनेत तारिम खोऱ्यातली (आजच्या शिनजियांगमधली) संरक्षित राज्ये नाहीत, नकाशावर मात्र ती हानांच्या रंगात असतात.

‘जगाच्या इतके टक्के’ हे वाक्य लिहिताना छेदाकडे लक्ष द्या. इ.स. १ च्या सुमाराच्या जागतिक लोकसंख्येचे अंदाज १७ कोटींपासून ३० कोटींपर्यंत जातात. रोमचे ४.५ ते ५.४ कोटी धरले तर त्याचा वाटा १५ ते ३२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त फरक. शिवाय रोमची संख्या वाढवली तर छेदही तेवढाच वाढवावा लागतो, कारण रोम जगातच येतो. याउलट रोम आणि हान यांचे थेट गुणोत्तर, सुमारे ०.७५ ते ०.९, छेदावर अवलंबून नसते. दोन साम्राज्यांची तुलना करायची असेल तेव्हा टक्केवारीपेक्षा हेच गुणोत्तर द्या. प्राचीन इराणच्या अकेमेनिड साम्राज्यात जगातली ४४ टक्के माणसे राहत होती हे वारंवार फिरणारे विधान असल्याच छेदावर उभे आहे: त्यात जगाची लोकसंख्या फक्त सुमारे ११ कोटी धरली आहे, आणि अंशाला साम्राज्याच्या अंदाजांतली वरची बाजू.

शेवटी जमीन आणि माणसे कुठे आहेत ते वेगळे दाखवा. १९२१ च्या सुमारास कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया मिळून ब्रिटिश साम्राज्याची निम्मी जमीन होती, पण लोकसंख्या दीड कोटीहूनही कमी. ब्रह्मदेशासह हिंदुस्थान जमिनीच्या जेमतेम १३ टक्के, आणि तिथे सुमारे ३१.९ कोटी माणसे, म्हणजे साम्राज्यातल्या एकूण माणसांच्या दोन तृतीयांशांच्या वर. अशा ठिकाणी सरासरी घनता देण्याऐवजी दोन-तीन घटकांची स्वतंत्र ओळ करा. प्राचीन साम्राज्यांचे क्षेत्रफळ लाखाच्या जवळच्या आकड्यात द्या आणि लोकसंख्या नेहमी किमान-कमाल अशा जोडीने.