मोठ्या मुलासाठी एक माणूस वेगळा ठेवा

घरीच बाळंतपण करायचं ठरलं असेल, तर मोठ्या मुलासाठी एक माणूस वेगळा ठेवा. बाबा नको, ऐनवेळी १०८ला फोन करून दवाखान्यात जावं लागलं, तर ते आईसोबत निघणार. आत्या हडपसरहून कोथरूडला यायची असेल, तर संध्याकाळचं ट्रॅफिक धरून शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवा. कळा रात्रीही सुरू होतात, म्हणून आधी एक-दोनदा त्याला काकूंकडे झोपवून बघा. पिशवीत रोजचीच गोधडी द्या, धुतलेली नको. आईच्या वासाने झोप लागते. दिवसा कात्रजचं प्राणिसंग्रहालय चालेल, फक्त बुधवारी ते बंद असतं. आई कण्हेल, ओरडेल, हे त्याला आधीच सांगा. खोलीत थांबायचं असेल तर थांबू दे, पण घाबरला की लगेच बाहेर न्या.