एक चढाईपटू, दोन करार: मंडळांमधला खेळाडूचा वाद कसा सोडवायचा

प्रवेशिका भरायची मुदत उद्या संपणार, आणि आज रात्री कळतं की आपल्या कबड्डी मंडळाचा मुख्य चढाईपटू शेजारच्या मंडळाच्या यादीतही आहे. दिवाळीनंतर निमंत्रित स्पर्धा सुरू झाल्या की नाशिकमध्ये पंचवटी ते सातपूर आणि सिडको ते नाशिकरोड हे प्रकार दरवर्षी घडतात. पहिला फोन खेळाडूच्या वडिलांना जातो, दुसरा मेसेज व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, आणि हीच दोन कामं त्या रात्री करायची नसतात. ग्रुपवर ‘गद्दार’ लिहिलं की तो स्क्रीनशॉट पुढे समोरच्याच्या फाइलमध्ये दिसतो.

त्या रात्री एकच काम करायचं: कागद गोळा करणे. मूळ करार, त्याच्या मुद्रांकाची तारीख, उचल दिल्याची यूपीआय नोंद, खेळाडूशी झालेला मेसेजचा व्यवहार आणि त्याच्या जन्मतारखेचा पुरावा. व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट ठेवाच, पण मूळ फोनमधला चॅट पुसू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. फोन विकून मोकळे झालात तर ते देणं अवघड होतं.

कोणाची सही टिकते

दोन करार समोर ठेवले की ‘आधी कोणी सही घेतली’ यावर भांडण सुरू होतं. तो प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न वयाचा.

सहीच्या दिवशी खेळाडू 18 वर्षांचा नसेल तर भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 11 नुसार तो करार करूच शकत नाही. 1903 च्या मोहरी बीबी प्रकरणापासून असा करार मुळातच शून्य धरला जातो. वडिलांची सही घेतली म्हणून तो जिवंत होत नाही. मुंबई हायकोर्टाने 1949 मध्ये राजराणी विरुद्ध प्रेम अदीब या खटल्यात नेमका हाच मुद्दा तपासला होता: अल्पवयीन अभिनेत्रीच्या वतीने वडिलांनी निर्मात्याशी केलेला करार टिकला नाही आणि तिला भरपाई मिळाली नाही. म्हणजे हा नियम मंडळाला अडवतो तसा खेळाडूलाही अडवतो. कुमार गटातल्या सतरा वर्षांच्या मुलाला हंगामाची उचल देऊ नका. स्पर्धा झाली की त्या स्पर्धेचं मानधन द्या आणि पालकांची पोच घ्या. वयासाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला बघा. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे.

दुसरा प्रश्न मंडळाच्या बाजूचा: सही केली कोणी? बहुतेक मंडळं 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली असतात. निवडणूक होऊन चार वर्षं झाली, पण 90 दिवसांत द्यायचा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याचा अहवाल) धर्मादाय कार्यालयात दिलाच नाही, म्हणून तिथल्या शेड्यूलवर, म्हणजे नोंदीत, अजून जुनेच विश्वस्त आहेत, ही आपल्याकडची सर्वांत सामान्य चूक. मग समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो की सही करणारा माणूस तुमचा कोण. उपाय साधा आहे. करार करण्याआधी कार्यकारिणीचा ठराव करा, ‘अमुक खेळाडूशी करार करण्याचे अधिकार सेक्रेटरींना’ असं इतिवृत्तात लिहा आणि त्या पानाची प्रत कराराला टाचा. मंडळ नोंदलेलंच नसेल तर मंडळाच्या नावाने दावाच लावता येत नाही. तो सभासदांच्या नावाने लावावा लागतो.

मग तारीख. मागची तारीख टाकून सही घेणारे विसरतात की मुद्रांकाच्या मागे विक्रेत्याचा अनुक्रमांक आणि विक्रीची तारीख असते, आणि तीच नोंद विक्रेत्याच्या वहीतही असते. 12 नोव्हेंबरला घेतलेल्या मुद्रांकावर 2 नोव्हेंबरचा करार दाखवला तर खेळ तिथेच संपतो. मुद्रांक करार करणाऱ्यांपैकी एकाच्या नावाने आणि खरेदीपासून सहा महिन्यांच्या आत वापरलेला हवा. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात अशा साध्या करारांना 100 ऐवजी 500 रुपयांचा मुद्रांक लागतो. जुन्या सवयीने 100 चाच लावला तर करार रद्द होत नाही, पण कमी पडलेली रक्कम दंडासह भरेपर्यंत कोर्ट तो पुराव्यात वाचत नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाचे मुद्रांक छापले जातात आणि त्याच गावातली मंडळं वहीच्या फाडलेल्या पानावर साठ हजारांचे करार करतात, याला काय म्हणावं!

खेळाडू परत मिळत नाही

हे आधीच मान्य केलं तर निम्मं भांडण मिटतं. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 चं कलम 14 सांगतं की माणसाच्या वैयक्तिक कौशल्यावर अवलंबून असलेला करार कोर्ट जबरदस्तीने पुरा करून घेत नाही. न्यायाधीश कोणाला ‘जा, चढाई कर’ असा हुकूम देत नाहीत.

मात्र ‘दुसऱ्याकडून खेळू नकोस’ असा हुकूम कलम 42 खाली मिळू शकतो. याचं मूळ 1852 च्या लंडनमध्ये आहे. योहाना वाग्नर या गायिकेने एका नाट्यगृहाशी करार असताना प्रतिस्पर्धी नाट्यगृहात गायचं ठरवलं. कोर्टाने तिला गायला लावलं नाही, पण दुसरीकडे गाण्यास मनाई केली. पुढच्याच वर्षी तिला फोडणाऱ्या व्यवस्थापकावर वेगळा खटला चालला आणि चालू करार माहीत असताना फोडणाराही भरपाईला जबाबदार असतो हे तत्त्व पक्कं झालं. म्हणून दुसऱ्या मंडळाला लगेच पत्र पाठवा. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हा बचाव पत्र पोचल्याच्या तारखेला संपतो.

कलम 42 मध्ये मंडळांच्या नजरेतून सुटणारी एक ओळ आहे: मनाई मागणाऱ्याने स्वतःचा शब्द पाळलेला असावा. नोव्हेंबरचा हप्ता थकवून डिसेंबरमध्ये मनाई मागायला गेलात तर हात हलवत परत याल.

शिवाय ही मनाई कराराच्या मुदतीपुरतीच असते. कल्याणच्या कारखान्यातल्या कर्मचाऱ्याच्या गोलिकरी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 1967 मध्ये मुदतीतलं बंधन मान्य केलं. मुदतीनंतरचं बंधन करार अधिनियमाच्या कलम 27 मध्ये अडकतं: कोणाला कामधंद्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य असतो. इथे परदेशातला दाखला तसाच्या तसा उचलला तर फसगत होते. इंग्लंडमध्ये 13-13 खेळाडूंच्या रग्बी लीगमध्ये लीड्स आणि ब्रॅडफर्ड हे शेजारी आणि हाडवैरी क्लब. लीड्सने 2001 मध्ये येस्टिन हॅरिसला कार्डिफला रग्बी युनियन, म्हणजे रग्बीचा दुसरा प्रकार, खेळायला सोडलं, पण लीगमध्ये परतलास तर पहिला हक्क आमचा अशी अट घातली. 2004 मध्ये तो परतला तो थेट ब्रॅडफर्डकडे. लीड्स कोर्टात गेलं आणि 2005 मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाने ती अट वैध ठरवली. आपल्याकडे शेजारच्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या झहीर खानबाबत याच्या उलट झालं. जाहिरात व्यवस्थापन कंपनीशी त्याचा 2000 मध्ये झालेला तीन वर्षांचा करार संपला, तरी ‘दुसऱ्याची ऑफर आली तर आधी आम्हाला संधी दे’ असं कलम उरलं होतं. शेवटी कंपनीला त्यावर मनाई हुकूम मिळाला नाही. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने मुदतीनंतर चालणारं ते बंधन कलम 27 च्या विरुद्ध मानलं. तेव्हा ‘हंगाम संपल्यावर एक वर्ष जिल्ह्यात दुसऱ्या मंडळाकडून खेळणार नाही’ ही ओळ तुमच्या करारात असेल तर तिच्या भरवशावर राहू नका.

हिशेब मांडा

भांडायचं ते पैशांवर. एक नमुना घेऊ. हंगामाचं मानधन 60,000, सहा स्पर्धा, उचल 25,000. खेळाडू दोन स्पर्धा खेळून गेला. स्पर्धेमागे 10,000 धरले तर त्याने 20,000 कमावले, म्हणून परत येणं 5,000. उरलेल्या चार स्पर्धांसाठी बदली चढाईपटू 12,500 प्रमाणे आणावा लागला, म्हणजे 40,000 च्या जागी 50,000 गेले. जादा खर्च 10,000. एकूण मागणी 15,000. किट आणि बूट परत मागू नका, वापरलेले बूट कोणी घालत नाही.

आता तोच खेळाडू चार स्पर्धा खेळून गेला असेल तर? त्याची कमाई 40,000 आणि मिळाले 25,000. त्याचेच 15,000 मंडळाकडे थकले आहेत. बदली खेळाडूचा दोन स्पर्धांचा जादा 5,000 वजा केला तरी मंडळ 10,000 चं देणेकरी निघतं. आरडाओरडा करत बैठकीला गेलेली मंडळं इथे गप्प होतात, म्हणून हिशेब बैठकीआधी घरी करावा.

करारात ‘सोडून गेल्यास दोन लाख दंड’ असं लिहिलेलं असतं. करार अधिनियमाच्या कलम 74 नुसार तो आकडा ही वरची मर्यादा असते, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. 1963 च्या फतेह चंद प्रकरणापासून कोर्ट वाजवी भरपाईच देतं. ‘तो असता तर फायनल जिंकलो असतो’ म्हणून बक्षिसाची रक्कम मागणाऱ्याला कोणी गंभीरपणे घेत नाही. खेळाडूकडून कोरा चेक किंवा मूळ मार्कशीट अडकवून ठेवली असेल तर आधी ती परत करा. अशा अडवणुकीने तुमचीच बाजू कच्ची होते.

ना हरकत दाखला अडवण्याचं हत्यारही तसंच. ज्याचा करार संपला आहे आणि ज्याच्याकडे काही येणं नाही, त्याचा दाखला रोखू नये. ऑस्ट्रेलियात रग्बी लीगच्या बालमेन क्लबने डेनिस टटी या खेळाडूला करार संपल्यावरही आपल्या राखीव यादीत अडकवून ठेवलं. त्याने 1969 चा अख्खा हंगाम घरी काढला, त्याच वर्षी बालमेन विजेता ठरला, आणि तरीही तो लढला. 1971 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धतच व्यापारावरचा अवाजवी निर्बंध म्हणून मोडीत काढली.

पत्र, बैठक, लवाद

पत्र मंडळाच्या लेटरहेडवर, एका पानात. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, त्यामुळे पोचसह स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा. मजकूर असा पुरेल:

‘श्री. … यांचा आमच्या मंडळाशी दि. … ते दि. … या मुदतीचा करार असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. आपणही त्यांच्याशी करार केल्याचे समजते. त्याची प्रत व दिलेल्या रकमेचा तपशील सात दिवसांत द्यावा. दि. … रोजी सायंकाळी 6 वाजता उभय मंडळांचे प्रत्येकी दोन पदाधिकारी व खेळाडू यांची बैठक घेऊ.’

धमकी नको, विशेषणं नकोत. एक प्रत जिल्हा संघटनेला द्या. त्या वर्षीच्या नोंदणी आणि बदलीच्या नियमांचा छापील कागद संघटनेकडून मागून घ्या. ‘असा नियम आहे म्हणतात’ यावर बैठक चालत नाही. संघटना खेळाडू कोणाकडून खेळू शकेल ते ठरवते, उचल कोण परत करणार हे नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की प्रवेशिकेची घाई पैशांच्या वादात अडकत नाही.

बैठकीत खेळाडूला आधी बोलू द्या. नोकरी लागली म्हणून तो व्यावसायिक संघाकडे, म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थेच्या संघाकडे, जात असेल तर दोन्ही मंडळांच्या भांडणाला अर्थ उरत नाही.

लवादाबद्दल एक बारकावा. तुमच्या करारात लवादाचं कलम असलं तरी दुसरं मंडळ त्या करारात पक्षकार नाही, म्हणून त्याला त्या कलमाने ओढता येत नाही. दोन्ही मंडळं आणि खेळाडू अशा तिघांच्या सहीचा वेगळा कागद करावा लागतो. मंडळाचा अध्यक्षच एकटा लवाद, हे लवाद कायद्याच्या कलम 12(5) मुळे टिकत नाही. दोन्ही मंडळांशी संबंध नसलेला निवृत्त पंच किंवा वकील निवडा आणि ठिकाण नाशिक लिहा. तडजोड जमत आली पण विश्वास नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा लावण्याआधीचा अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवा. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील होत नाही, म्हणून सही करण्याआधी आकडे दोनदा वाचा. कोर्टात जायचंच तर करारभंगापासून तीन वर्षांची मुदत आहे.

पुढच्या हंगामाच्या करारात एक जास्तीचं कलम घाला. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमध्ये एकेकाळी नव्या क्लबशी सही केल्यावरही तेराव्या फेरीपर्यंत मागे फिरता येत असे. 2015 मध्ये डॅली चेरी-एव्हान्स हा खेळाडू गोल्ड कोस्ट क्लबशी ठरवूनही आपल्या मॅनली क्लबमध्येच राहिला तो त्यामुळेच. तिथे ती सवलत टीकेची धनी झाली, कारण खिडकी कित्येक महिने उघडी होती. आपल्याला सात दिवस पुरतात: ‘सहीपासून सात दिवसांत खेळाडू उचल पूर्ण परत करून लेखी माघार घेऊ शकेल, त्यानंतर व प्रवेशिका दाखल झाल्यावर माघार घेतल्यास बदली खेळाडूचा प्रत्यक्ष जादा खर्च, पावत्यांनुसार, देईल.’

तडजोड झालीच तर तिचा कागद त्याच बैठकीत लिहा, ‘उद्या टाइप करू’ म्हटलं की उद्या नवे मुद्दे निघतात. रक्कम, तारीख, यूपीआयने द्यायची की चेकने, ना हरकत दाखला कोणत्या दिवशी, आणि दोन्ही बाजूंचं आता काही येणं नाही ही ओळ. तीन प्रती, प्रत्येक पानावर तिघांच्या सह्या. आणि ग्रुपवर टाकायचा दोन ओळींचा मेसेज तिथेच बसून ठरवा, दोन्ही मंडळांकडून शब्दशः तोच जायला हवा.