बुडालेली खंडं आणि उसने पुरावे: मुळं तपासताना या चुका टाळा

‘मू’ नावाची भूमी समुद्रात गेली तेव्हा तिच्याबरोबर ६ कोटी ४० लाख माणसं बुडाली, असं माया अवशेषांचा शोध घेणारे ऑगस्टस ल प्लाँजाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलं. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात हाच आकडा छापून आला. १९२६ मध्ये जेम्स चर्चवर्ड यांच्या पुस्तकातही तोच. तीन साक्षीदार आणि तिघांचं म्हणणं तंतोतंत जुळतं, मग गोष्टीत काहीतरी तथ्य असणार, असं मलाही पहिल्या वाचनात वाटलं होतं.

खरं तर आकडा इतका तंतोतंत जुळला तिथेच कान टवकारायला हवे होते. मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्याला हे नवं नाही. एका बखरीची नक्कल दुसरीत उतरते, दुसरीची तिसरीत, आणि मग तीन बखरींचा ‘एकमुखी’ पुरावा म्हणून कुणीतरी तो पुढे करतो. अस्सल कागद कोणता आणि नक्कल कोणती, हे विचारायची सवय आपल्याला असते. पण अटलांटिस, लेमुरिया, मू या बुडाल्याचं सांगितल्या जाणाऱ्या खंडांचा विषय निघाला की ही सवय का कोण जाणे गळून पडते.

चूक पहिली: पुस्तकं मोजणं, घराणं न पाहणं

मूचं घराणं बघा. स्पॅनिश धर्मगुरू दिएगो दे लांदा यांनी जुलै १५६२ मध्ये मेक्सिकोतल्या युकातानमधल्या मानी इथे माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. पुढे १५६६ च्या सुमारास त्यांनीच त्या लोकांविषयी एक वृत्तांत लिहिला आणि त्यात माया ‘मुळाक्षरं’ दिली. माया लिपीत मुळाक्षरं नव्हतीच, त्यातली बरीच चिन्हं अख्ख्या अक्षरसमूहांची किंवा शब्दांची होती. लांदा एकेका स्पॅनिश अक्षराचं नाव उच्चारत आणि समोरचा माया माणूस त्या आवाजाला जवळचं चिन्ह काढून देई. स्पॅनिशमध्ये ‘ब’ या अक्षराचं नाव ‘बे’, आणि माया भाषेत ‘बे’ म्हणजे वाट. म्हणून त्याने पाऊलखुणेचं चिन्ह काढलं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला इंग्रजीतलं ‘बी’ काढ म्हटलं आणि त्याने शेंगदाणा काढून दिला, तसाच हा प्रकार. एखादं वाक्य लिहून दाखव म्हटल्यावर त्याने लिहिलं ‘मा इन काती’, म्हणजे ‘मला नको’. बिचारा कंटाळला असावा.

लांदांच्या वृत्तांताची संक्षिप्त नक्कल १८६२ मध्ये माद्रिदमध्ये फ्रेंच धर्मगुरू ब्रासर द बूरबूर यांच्या हाती लागली. १८६४ मध्ये त्यांनी ती छापली आणि त्या मुळाक्षरांच्या जोरावर ‘त्रोआनो’ नावाची माया पोथी वाचायला घेतली. पोथीतली दोन चिन्हं लांदांच्या ‘म’ आणि ‘उ’ यांच्यासारखी दिसली. झालं, ‘मू’ नावाचा देश जन्माला आला! पुढे कळलं की ही पोथी माद्रिदमध्येच असलेल्या दुसऱ्या एका पोथीचा तुटलेला भाग आहे, आणि दोन्हींत आहेत ती विधींची, शिकारीची, मधमाश्या पाळण्याची पंचांगं. बुडालेल्या देशाचा त्यात मागमूस नाही.

ब्रासर यांच्या वाचनावर ल प्लाँजाँ यांनी स्वतःचं ‘भाषांतर’ चढवलं. दहा देश फाटले, ६ कोटी ४० लाख माणसं गेली, आणि हे सारं पोथी लिहिली जाण्याआधी ८०६० वर्षांपूर्वी घडलं, असा हिशेब त्यात आहे. १९१२ चा लेख ट्रॉयचं उत्खनन करणाऱ्या हाइनरिश श्लीमान यांचा नातू म्हणवणाऱ्याच्या नावाने छापला होता. त्यात हेच भाषांतर जवळपास शब्दशः उतरवलं आहे, आणि वर ही पोथी आपण ब्रिटिश म्युझियममध्ये पाहिली असा दावाही आहे. पोथी होती माद्रिदला. नक्कल करणारा असा कुठेतरी ठेचकाळतोच. मला तरी त्या लेखात सर्वांत मोलाची वाटते ती ही एकच चूक, कारण लेखकाने पोथी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती हे ती सांगून जाते.

चर्चवर्ड यांची ल प्लाँजाँ यांच्याशी ओळख होती. भारतातल्या एका मंदिरात पुजाऱ्याने आपल्याला ‘नाकाल’ लिपीतल्या पाट्या दाखवल्या आणि ती लिपी शिकवली, असं ते सांगतात. मंदिर कुठलं, याचा पत्ता नाही. पाट्या दुसऱ्या कुणीही पाहिल्या नाहीत. गंमत म्हणजे ल प्लाँजाँ यांच्या मते मू म्हणजेच अटलांटिस, म्हणून ती अटलांटिकमध्ये. चर्चवर्ड यांनी तिला उचलून पॅसिफिकमध्ये नेलं, पण माणसांचा आकडा मात्र बरोबर नेला. महासागर बदलला तरी एक माणूस कमी-जास्त झाला नाही!

म्हणून वहीत दोन स्तंभ आखायचे. डावीकडे दावा, उजवीकडे तो पहिल्यांदा कुठे छापला ते. पुढच्या प्रत्येक पुस्तकातून त्या दाव्यात नवीन काय आलं, तेवढंच लिहायचं. माझ्या वहीत मूच्या पानावर अकरा पुस्तकं होती. स्तंभ आखल्यावर उरलं एकच, लांदांचं, आणि त्यात मू नाही.

चूक दुसरी: ‘हे तर आपल्या पुराणातही आहे’

मराठी वाचक हटकून अडतो तो इथे. थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या मादाम ब्लाव्हॅट्स्की यांचा ‘द सिक्रेट डॉक्ट्रिन’ हा ग्रंथ १८८८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. लेमुरिया आणि अटलांटिस ही लागोपाठच्या मानववंशांची घरं, असा त्यातला पट आहे आणि त्याला आधार ‘झ्यानच्या पोथी’चा. ही पोथीही दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडलेली नाही. आता या ग्रंथातली द्वीपं, मन्वंतरं, युगं विष्णुपुराणाशी जुळतात हे पाहून वाचक हरखतो. तिबेटमधली गुप्त पोथी एकीकडे, आपलं पुराण दुसरीकडे, आणि दोघांत एकच गोष्ट!

जुळणारच. १८९५ मध्ये विल्यम एमेट कोलमन या अमेरिकन टीकाकाराने ब्लाव्हॅट्स्कींच्या लेखनाची मुळं शोधणारा लेख छापला. ‘सिक्रेट डॉक्ट्रिन’मधली उसनवारी मुख्यतः दोन पुस्तकांतून आहे, असं त्याने म्हटलं: एच. एच. विल्सन यांचं विष्णुपुराणाचं इंग्रजी भाषांतर (पहिली आवृत्ती १८४०) आणि अलेक्झांडर विंचेल या अमेरिकन भूवैज्ञानिकाचं १८८३ चं पुस्तक. म्हणजे विष्णुपुराणातून इंग्रजीत, इंग्रजीतून ब्लाव्हॅट्स्कींकडे, तिथून मराठीत, आणि मग आपण म्हणणार, ‘बघा, विष्णुपुराणाशी जुळतं.’ आपलीच भांडी शेजाऱ्याकडून परत आली आणि त्याच्याकडेही अगदी आपल्यासारखी भांडी आहेत म्हणून आपण थक्क झालो, त्यातली गत.

तपासायची रीत सोपी आहे, वेळ मात्र खाते. ब्लाव्हॅट्स्कींचा उतारा, विल्सन यांचा उतारा आणि मूळ संस्कृत श्लोक शेजारी-शेजारी ठेवायचे. संस्कृतात नसलेली पण विल्सन यांच्या भाषांतरात किंवा तळटिपेत असलेली गोष्ट ब्लाव्हॅट्स्कींकडे दिसली, तर ती संस्कृतातून आलेली नाही, हे उघड आहे. विल्सन यांची शब्दयोजना, त्यांचं नावांचं स्पेलिंग, त्यांची चूक, यावर नजर ठेवायची. बरोबर गोष्ट दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकते. एकच चूक दोघांना सुचणं अवघड.

याचा दुसरा नमुना त्याच ग्रंथात आहे. लेमुरिया हे नाव प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांचं, हे ब्लाव्हॅट्स्की मोकळेपणाने सांगतात, पण ती कल्पना त्यांनी १८५० ते १८६० च्या दरम्यान मांडली असं लिहितात. स्क्लेटर यांचा लेख १८६४ चा. नंतरच्या एखाद्या पुस्तकात किंवा मराठी लेखात ‘१८५० ते १८६० च्या दरम्यान’ असं दिसलं, तर लेखकाने स्क्लेटर उघडलेला नाही हे समजावं.

थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक ब्लाव्हॅट्स्की आणि ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले. त्यांचं ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सुरू झालं. १८८२ च्या अखेरीस बिऱ्हाड मद्रासजवळ अड्यारला हललं. ‘भारतात राहिल्या म्हणजे भारतीय ऋषींकडून घेतलं’ हा तर्क यावरून लढवला जातो. पण विंचेल यांचं पुस्तक १८८३ चं आणि अमेरिकन लेखक डॉनेली यांचं अटलांटिसवरचं १८८२ चं. ‘सिक्रेट डॉक्ट्रिन’ युरोपात बसून लिहिला गेला आणि त्यात ही दोन्ही पुस्तकं येतात. लेखिका कुठे राहिली यापेक्षा तिच्या टेबलावर काय उघडं होतं, ते बघावं.

चूक तिसरी: चोर पकडणाऱ्याला न तपासणं

कोलमन मृतात्म्यांशी संवाद मानणाऱ्या पंथाचा होता आणि थिऑसॉफीशी त्याचं वैर होतं. झ्यानच्या पोथीतल्या कडव्यांची मुळं आपण एका मोठ्या पुस्तकात देऊ, असं त्याने कबूल केलं होतं. ते पुस्तक कधी आलंच नाही. तेव्हा ‘कोलमनने झ्यानची पोथी कुठून उचलली ते सिद्ध केलं’ असं लिहिणाराही तितकाच घाई करतोय. जिथे त्याने पुस्तकाचं नाव दिलंय, तिथे ते उघडून बघता येतं. जिथे नुसता शब्द दिलाय, तिथे त्याला मार्क द्यायचे नाहीत. शिवाय ब्लाव्हॅट्स्की विल्सन आणि विंचेल यांची नावं अनेक ठिकाणी घेतातही. नाव घेऊन दिलेला उतारा आणि गुपचूप उचललेला उतारा वेगळे मोजावेत. दोन्हींना सरसकट ‘चोरी’ म्हटलं की समोरचा एकच नाव घेतलेला उतारा काढून सगळा आरोप उडवून लावतो.

चूक चौथी: शास्त्रातलं खंड आणि दंतकथेतलं खंड एकच समजणं

लेमुरियाचा जन्म प्राणिशास्त्रात झाला. लेमूर मादागास्करमध्ये भरपूर, त्यांचे नातेवाईक आफ्रिकेत आणि भारतात, मग मध्ये कधीतरी जमीन असावी, असा स्क्लेटर यांचा अंदाज होता. जर्मन शास्त्रज्ञ हेकेल यांनी पुढे माणसाचं मूळ घर तिथे असू शकेल असं सुचवलं. भूखंड सरकतात हे मान्य झाल्यावर त्या पुलाची गरज संपली. पण तोवर लेमुरिया गूढवाद्यांच्या घरी नांदायला गेली होती.

आता २०१३ ची बातमी फिरते: मॉरिशसखाली हरवलेलं खंड सापडलं! मॉरिशसच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ६६ कोटी वर्षं आणि त्याहून जुने झिरकॉन या खनिजाचे कण मिळाले हे खरं. बेट स्वतः ज्वालामुखीचं आणि जेमतेम ९० लाख वर्षांचं, म्हणून शास्त्रज्ञांनी खाली जुन्या भूखंडाचा तुकडा असावा असं म्हटलं. तो तुकडा माणूस पृथ्वीवर येण्याच्या कोट्यवधी वर्षं आधी फुटला. त्याने लेमुरियातली नगरं सिद्ध होत नाहीत. बातमी आली की आधी काळ बघा.

चूक पाचवी: ‘खंड’ या शब्दावर विसंबणं

ही चूक आपल्याच भाषेची. मराठीत खंड म्हणजे आशिया-आफ्रिका, खंड म्हणजे ग्रंथाचा भाग, आणि खंड म्हणजे कुळाने जमीनमालकाला द्यायचा तोही. तमिळ ‘कुमरी कण्डम्’ मराठीत ‘कुमारी खंड’ झालं की वाचकाच्या डोळ्यांपुढे ऑस्ट्रेलियाएवढा भूभाग उभा राहतो. पण तमिळ कंदपुराणात कुमरी कण्डम् हा भरतखंडाच्या नऊ भागांपैकी एक आहे. जमीन समुद्राने गिळल्याची गोष्ट दुसरीकडची, ‘सिलप्पदिकारम्’ या तमिळ महाकाव्यातल्या पहृळी नदीच्या उल्लेखाची आणि नंतरच्या टीकाकारांची. टीकाकार अडियार्क्कुनल्लार बुडालेल्या भागात ४९ नाडू मोजतो. नाडू म्हणजे परगण्यासारखा प्रदेश. या दोन धाग्यांना स्क्लेटर यांची लेमुरिया जोडली गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर. तिन्ही धागे तीन रंगांत लिहून ठेवा. एका रंगात लिहिलेत तर पुढच्याच महिन्यात तुमचा तुम्हालाच गोंधळ होईल.

चूक सहावी: दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं मूळ समजणं

अटलांटिसची कथा आपल्याला प्लेटोच्या संवादांतून मिळते. ‘अटलांटिस ही प्लेटोची थाप, असं खुद्द ॲरिस्टॉटल म्हणतो’ हे वाक्य जिथे-तिथे सापडतं. ॲरिस्टॉटलच्या उपलब्ध ग्रंथांत ते नाही. भूगोलकार स्ट्रेबो पोसिडोनिअसचा हवाला देताना अटलांटिसविषयी ‘ज्याने रचलं त्यानेच बुडवलं’ अशा अर्थाचं बोलतो, आणि तिथे होमरच्या काव्यात ग्रीकांनी बांधलेल्या आणि पुढे नाहीशा झालेल्या तटाचा दाखला देतो. दुसऱ्या एका ठिकाणी त्याच तटाविषयी असंच बोलताना तो ॲरिस्टॉटलचं नाव घेतो. दोन जागा जोडून कुणीतरी ॲरिस्टॉटलला अटलांटिसवर बोलायला लावलं. जोडणं कदाचित बरोबरही असेल, पण तो तर्क आहे.

उलट बाजूलाही तीच गत. ‘क्रँटर इजिप्तला गेला आणि त्याने अटलांटिसची कथा कोरलेले खांब पाहिले’ असं सांगतात. क्रँटर हा प्लेटोचा जुना भाष्यकार, पण त्याचा ग्रंथ शिल्लक नाही. जे आहे ते सात शतकांहून अधिक काळानंतरच्या प्रोक्लस या तत्त्वज्ञाने लिहिलेलं, आणि तिथल्या वाक्यात खांबांचं ‘तो म्हणतो’ हे क्रँटरविषयी आहे की प्लेटोविषयी, यावरच वाद आहे. प्रवासाचा तर उल्लेखही नाही.

जेझुइट विद्वान अथानासिअस किर्खर यांचा अटलांटिसचा नकाशा ‘प्राचीन इजिप्शियन’ म्हणून पाठवला जातो. तो १६६५ चा, आणि त्यात दक्षिण वर आहे. उलटा धरून बघा, मग स्पेन आणि अमेरिका जागेवर येतात.

आणि खुद्द प्लेटो. अटलांटिस एका दिवस-रात्रीत बुडालं हे त्याच्या ‘टिमेअस’ या संवादामध्ये ओझरतं येतं. नगरीची वर्तुळं, कालवे, पोसायडनचं देऊळ हे सगळं ‘क्रिटिअस’ या दुसऱ्या संवादामध्ये. दोन्ही संवाद मिसळून एकच उतारा बनवणारे पुष्कळ आहेत, म्हणून ओळ कुठल्या संवादातली ते आधी टिपून ठेवावं. ‘टिमेअस’मध्ये ९००० वर्षं अथेन्सच्या स्थापनेला झाली आणि इजिप्तच्या सायस नगराला ८०००, ‘क्रिटिअस’मध्ये ९००० वर्षं युद्धाला. एवढी तफावत तर प्लेटोच्या स्वतःच्या दोन संवादांत आहे. ‘क्रिटिअस’ अर्धवट सुटला आहे. झ्यूस देवांची सभा बोलावतो, बोलायला तोंड उघडतो आणि संवाद तिथेच तुटतो. तेव्हा झ्यूस सभेत काय म्हणाला हे सांगणारा प्लेटोचा उतारा कुणी पाठवला, तर त्याला एवढंच विचारा: कुठल्या प्रतीत मिळाला?