वाडीतल्या शाळेबद्दल निनावी तक्रार करताना

निनावी अर्जात नाव लिहायचं नाही, एवढीच काळजी बहुतेक लोक घेतात. पण २५-३० पटाच्या जिल्हा परिषद शाळेत नाव शोधावं लागत नाही. अर्जातली माहिती गावात कुणाकुणाला ठाऊक असणार, याचा विचार केला की दोन-तीन घरं उरतात. म्हणून झाकायचं ते नावासोबत हेसुद्धा, की ही गोष्ट तुमच्यापर्यंत कुठून पोचली.

अर्ज कुठे फिरतो ते आधी समजून घ्या. तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून विस्तार अधिकारी किंवा केंद्रप्रमुखांकडे आणि पुष्कळदा थेट मुख्याध्यापकांकडे, ‘खुलासा करावा’ असा शेरा मारून. सोबत तुमच्या अर्जाची झेरॉक्स असू शकते. त्यामुळे ज्यांच्याविरुद्ध लिहिताय तेच प्रत्येक ओळ वाचणार, असं धरूनच लिहा. ‘माझ्या मुलीला वर्गाबाहेर उभं केलं’ हे वाक्य म्हणजे सहीच. ‘मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत असं म्हटलं’ हे दोनशिक्षकी शाळेतून आलं, तर लिहिणारा त्याच दिवशी कळतो. किमान पाच घरांना माहीत असलेल्या गोष्टीच अर्जात ठेवा. एकट्या तुम्हालाच माहीत असलेली गोष्ट कितीही गंभीर वाटली तरी निनावी अर्जात घालू नका.

दुसरी अडचण अशी की निनावी अर्ज सहज दप्तरी दाखल होतो, म्हणजे काही न करता फायलीत बंद होतो. अधिकाऱ्याला तक्रारदाराला बोलावता येत नाही, जबाब घेता येत नाही. अर्ज टिकतो तो शाळेचंच दप्तर त्यातला मुद्दा सिद्ध करू शकत असेल तर. ‘मुख्याध्यापक मनमानी करतात’ यात तपासण्यासारखं काही नाही. त्याऐवजी कोणती वही, कोणता महिना आणि त्यात काय जुळत नाही, ते लिहा.

पोषण आहार हे याचं सगळ्यात सोपं उदाहरण. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ-कडधान्य, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० आणि ३० ग्रॅम असं प्रमाण आहे. चौथीपर्यंतच्या शाळेत २४ मुलं जेवत असताना नोंदवहीत ४० दाखवली, तर रोज १६ मुलांचा १.६ किलो तांदूळ आणि ३२० ग्रॅम डाळ कागदावर जास्त शिजते. शाळा २० दिवस भरली तर तांदूळच ३२ किलो होतो. अर्जात लिहायचं ते इतकंच: ‘अमुक महिन्याची पोषण आहार नोंदवही, विद्यार्थी हजेरीपट आणि शिल्लक साठा एकत्र तपासावा. उपस्थिती साधारण २४ असताना लाभार्थी ४० दाखवल्याचं दिसतं.’ जेवणाऱ्या मुलांची संख्या अख्ख्या वाडीला दिसते, त्यामुळे बोट एकाकडे जात नाही. मात्र स्वयंपाकीण ताईंनी काही सांगितलं असेल तर त्यातला एक शब्दही येऊ देऊ नका. पहिला संशय त्यांच्यावरच जातो आणि त्यांचं मानधन आधीच तुटपुंजं.

शाळा व्यवस्थापन समितीचंही तसंच. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात. सभा न होता घरोघरी वही फिरवून सह्या घेतल्या असतील, तर इतिवृत्तातल्या तारखा द्या आणि समितीच्या महिला सदस्यांना एकेकट्या विचारावं असं सुचवा. पावसाळ्यात वर्गात गळती आणि कौलं तशीच फुटकी असताना कीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) दुरुस्तीचा खर्च पडला असेल, तर कीर्द आणि पावत्या तपासायची मागणी करा. छप्पर तर रस्त्यावरूनही दिसतं.

कागद मिळवायचे तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे, पण त्या अर्जावर नाव-पत्ता द्यावाच लागतो. इथे मुंबईचा चाकरमानी उपयोगी पडतो. कुठलाही नागरिक माहिती मागू शकतो, आणि कलम ६(२) प्रमाणे कारण विचारता येत नाही. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज करणारा गावात सगळ्यांना तुमचा सख्खा भाऊ म्हणून माहीत असेल तर उपयोग नाही. एका शाळेची नको, संपूर्ण केंद्रातल्या, म्हणजे एका केंद्रप्रमुखाच्या हाताखालच्या, सगळ्या शाळांची माहिती मागा. रोख कुठे आहे ते मग कळत नाही.

अर्ज एका पानात बसवा, फार तर दोन. हाताने लिहू नका. टाइप करतानाही प्रमाण भाषा ठेवा. मालवणी वळण किंवा एखादा ठरलेला शब्द लगेच ओळखू येतो. शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा संगणक नको. प्रिंटसाठी दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवली की तुमचा नंबर त्याच्याकडे राहिला. पेन ड्राइव्ह न्या, फाइल त्याच्या संगणकावर उतरवली असेल तर समोर पुसून घ्या. ईमेलने पीडीएफ किंवा मूळ फोटो पाठवाल तर फाइलच्या माहितीत तुमचं नाव, फोटोत वेळ आणि जागा राहू शकते. आम्ही तर कागदच सुचवतो. त्यावर ‘एक त्रस्त पालक’ अशी सहीसुद्धा नको, तेवढ्याने शोध अर्ध्यावर येतो. दुसऱ्या खऱ्या माणसाच्या नावाने तर कधीच लिहू नका. गावात त्याचं जगणं अवघड होतं.

पत्र गावच्या शाखा डाकघरात देऊ नका. शिक्का तिथलाच पडतो आणि पोस्टमास्तर सगळ्यांना ओळखतो. गुहागरकडचं पत्र चिपळूणला, देवगडकडचं कणकवलीला, बाजारहाटाला गेल्यावर पेटीत टाका. स्पीड पोस्टला पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो, म्हणून साधं टपालच बरं. तिकीट वजनाप्रमाणे पुरेसं लावा. कमी पडलं तर घेणाऱ्याकडून दुप्पट वसुली होते आणि कार्यालय पत्र नाकारू शकतं. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक शिक्षणाधिकाऱ्यांना (प्राथमिक) आणि एक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाठवा. वर दोन प्रती गेल्या आहेत हे प्रत्येक प्रतीवर दिसलं, की खालच्या टेबलावर कागद दाबून ठेवणं कठीण होतं. भांडण झालं त्याच आठवड्यात मात्र पाठवू नका, महिनाभर जाऊ द्या.

गावच्या ग्रुपवर यातलं काही टाकू नका. सक्षम अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधल्या अपवादाचं संरक्षण आहे. फॉरवर्ड केलेल्या मजकुराचं तसं नाही.

मुलांशी लैंगिक वर्तनाचा संशय असेल तर यातलं काहीच करत बसू नका. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लगेच पोलिसांना कळवायचं असतं. मुलांना मारहाण होत असेल तरी महिनाभर थांबायचं नाही, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

निनावी अर्जाला उत्तर येत नाही. दीड-दोन महिने पाहा: विस्तार अधिकारी येऊन गेले का, शेरेपुस्तकात नोंद पडली का, समितीची सभा खरोखर बोलावली गेली का. काहीच हललं नाही तर पहिल्या अर्जाची तारीख देऊन दुसरा अर्ज करा. त्यात नवे आरोप नकोत, तेच मुद्दे आणि त्यानंतरच्या महिन्यांचे आकडे द्या. तोवर चार-पाच पालक एकत्र यायला तयार झाले असतील तर सह्यांचा अर्ज करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. ती मुदत निनावी कागदावर मागता येत नाही.